दसऱ्याचं डुक्कर

दसऱ्याच्या दिवशी माझ्या थोरल्या दिरांना डुक्कर व्हायचं असे. लग्न होऊन धुऱ्यांच्या घरात येऊन मला पाचच महिने झाले होते. त्यामुळे जानकीवैनीने, म्हणजे माझ्या जाऊबाईने, मला हे सांगितलं तेव्हा वाटलं, नव्या सुनेची थट्टा चाललीय.

‘थट्टा नाय गो,’ ती अंगणात कांबळं झाडत म्हणाली. ‘थोरल्या भावान कांबळा पांघरून तुळशीभोवती रांगूचा, धाकट्यान बंदुकीन तेका मारूचा. बंदुकीत काय नसता, नुसती टिकलीसारखी टोपी फोडूची. थोरलो लोळता, लोकां हसतत, मगे सोना वाटूचा. तेवढा केला की वर्षभर डुकरां शेतात उतारनत नाय म्हणतत.’

‘आणि खरी डुकरां?’

‘ती खय पंचांग बघतत?’ म्हणत ती हसली आणि वड्यांचं पीठ मळायला आत गेली.

पंचांग न बघणारी डुकरं त्याच पहाटे आमच्या पिकल्या भातात शिरली होती. मी उठले तेव्हा आपा, माझे थोरले दीर जगन्नाथ धुरी, शेताकडून परत येऊन पाय धूत होते. डोळे लाल, तोंडात शिव्या. ‘रात्रीक परत येतली बघ ती,’ असं वैनीला सांगून ते तसेच देवळाकडे निघून गेले. दसऱ्याचे तरंग, म्हणजे देवाच्या सजवलेल्या काठ्या, निघायचे होते आणि आमच्या घराकडे मान होता; माझे यजमानही पहाटेपासून तिकडेच होते.

आपांचा आवाज मोठा, हात मोठे आणि रागही तसलाच. पण राग उतरला की तो माणूस दुसऱ्याच्या पायातला काटाही स्वतःच्या दातांनी काढील असा. मला ते कधी ‘अगे’ म्हणाले नाहीत, ‘सुलोचनाबाय’ म्हणायचे. मला ते आवडत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कोर्टात त्यांच्याबद्दल बरंच काही बोललं गेलं.

धाकटे म्हणजे आमचे यजमान, पुरुषोत्तम. गावाने त्यांचा पुरसो केला होता. त्या दोघांत आठ दिवसांपूर्वी चांगलंच वाजलं होतं. ह्यांना मुंबईत एका छापखान्यात नोकरी मिळत होती आणि मला घेऊन जायचं होतं. आपा म्हणाले, शेती काय मी एकट्याने ओढायची? शब्दाने शब्द वाढला आणि आपांनी अंगणात, सगळ्यांसमोर, ह्यांच्या कानफटात मारली. पंचविशीचा, लग्न झालेला माणूस. गालावर हात धरून हे म्हणाले, ‘दसऱ्याक डुकर कोण होता? तूच मा? मगे बघतंय तुका.’ उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेजारचे तिघेजण तेव्हा अंगणात उभे होते. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ पायरीवर बसून एकाच काकडीचे तुकडे खात होते, पण ते बघायला शेजारचे तिघे आले नाहीत.

‘सुलू, बंदूक उतरव आणि पुसून पाटार ठेव,’ वैनीने चुलीजवळून हाक दिली. ‘माझे हात पिठाचे आसत.’

माझं माहेर बंदरावरचं. आमच्या घरातलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे फणस फोडायची कोयती. बंदूक मी कधी हातात धरली नव्हती. माजघराच्या खुंटीवरून ती उतरवताना माझे दंड भरून आले. एका नळीची, ठासणीची बंदूक, शेताच्या राखणीसाठी आपांच्या नावावर परवाना असलेली. नळीच्या तोंडात एक फडका कोंबलेला होता. काजळीने काळा, तेलाने मेणचट.

‘वैनी, ह्यो फडको?’

वैनीने पिठातून मान वर केली. जरा वेळ बघत राहिली.

‘काढ,’ ती म्हणाली. ‘देवाच्या पाटार तसलो घाणेरडो फडको बरो दिसता?’

मी फडका ओढून काढला. बंदूक पुसली, पाटावर ठेवली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मग फडकाही साबण लावून खसाखसा धुतला आणि मागच्या दोरीवर वाळत घातला. नळीच्या तोंडाचा गोल काळा डाग तेवढा निघेना. बाकी मी स्वतःवर खूश होते.

आपा आणि हे अकराच्या सुमारास मानकऱ्यांना घेऊन परत आले. वडे तळून व्हायचे होते.

‘अजून वडेच तळतस? लोकां भायर उभी आसत!’

‘झाला, पाच मिन्टां...’

आपांनी तिला पुढे बोलू दिलं नाही. सणसणीत ठेवून दिली. दारातल्या माणसांनी माना वळवल्या, कुणी तरी उगाच खोकलं. वैनीने गालावर हात ठेवला तसं तिच्याच हाताचं पीठ गालाला लागलं. ती चुलीकडे वळली. उरलेले वडे तळले, आरतीचं ताट घेतलं आणि बाहेर येऊन तुळशीपाशी उभी राहिली. गालावरचं पीठ पुसायचं तिला सुचलं नाही, आणि मला सांगायचा धीर झाला नाही.

पूजा झाली. आपा अंगणात उतरले, कांबळं डोक्यावरून घेतलं आणि त्यांचा अवतारच पालटला. घुरघुरत, नाकाने माती उकरत तुळशीला फेऱ्या मारायला लागले. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीसुद्धा हसत होते. ह्यांनी पाटावरची बंदूक उचलली, नळीच्या तोंडाकडे एकदा बघितलं, डबीतली नवी टोपी काढून बसवली आणि घोडा मागे ओढला.

‘मार रे पुरशा!’ मागून कुणी तरी ओरडलं.

मला दोन आवाज ऐकू आले. आधी आरतीचं ताट जमिनीवर पडल्याचा आणि मग बार उडाल्याचा.

आपा लोळले. दरवर्षी लोळत तसेच लोळले असणार, कारण लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंगणभर धूर झाला होता. टोपीचा एवढा धूर होत नाही हे ज्यांना कळत होतं, त्यांनी टाळ्या थांबवल्या. मग कांबळ्याचा एक कोपरा जळताना दिसला आणि हे बंदूक टाकून ‘दादा, दादा’ करत धावले. वैनी ताट पडलं होतं तिथेच उभी होती.

पोलीस यायला संध्याकाळ झाली. त्याआधी पोलीस पाटील आला. तो स्वतः बंदूकवाल्या घरातला, त्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

‘भरलेली होती, मगे फडको खय होतो?’

तेव्हा मला कळलं. बाहेरून बघून ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे सांगता येत नाही. म्हणून त्या घरात, आणि त्या गावातल्या प्रत्येक बंदुकीच्या घरात, बार भरला की नळीत फडका कोंबायची रीत होती. दारूला ओल लागत नाही आणि बघणाऱ्याला समजतं. फडका असला की भरलेली, नसला की मोकळी. आपांनी पहाटे रात्रीच्या डुकरांसाठी बार भरून ठेवला होता आणि फडका लावून ते निर्धास्तपणे देवळात गेले होते. फडका बघितल्यावर पुरसो आधी आकाशात बार काढील आणि मगच टोपी लावील, याची त्यांना स्वतःच्या श्वासाइतकी खात्री होती. म्हणून तर ते कांबळ्याखाली घुरघुरत होते.

मी तोंड उघडलं. ह्यांची नजर मागच्या दोरीवर गेली. तिथे फडका वाळत होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

‘फडको मिया काढलंय,’ हे पाटलाला म्हणाले.

‘तू? आणि तरी...’

‘मिया काढलंय म्हणान सांगतंय मा?’

माझं मनगट वैनीने इतकं घट्ट धरलं की बांगडी फुटली. ‘गप,’ ती माझ्या कानात म्हणाली. ‘एक अक्षर नको.’

खुनाची केस झाली. शेजारच्या तिघांनी ती धमकी अक्षरन् अक्षर सांगितली. जामीन मिळाला नाही. आमचे सामंत वकील माणूस सरळ, पण मला समोर बसवून त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

‘बाई, फडका मीच काढला असं तो म्हणतो, म्हणजे बंदूक भरलेली आहे हे त्याला ठाऊक होतं. आठ दिवस आधी मारण्याची भाषा केली होती. कोर्टाने याला अपघात कसा म्हणायचा? जन्मठेप होईल. तो खरं बोलतोय का?’

मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. फडका मी काढला. वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘त्याने मला बजावलंय, बायकोला यात ओढलंत तर वकीलपत्र काढून घेईन. आणि तुम्ही उभ्या राहिलात तरी बायको नवऱ्याला वाचवणारच, असं समोरचे म्हणतील. तुम्हाला काढताना कुणी पाहिलं होतं?’

मी म्हटलं, नाही.

दीड वर्ष. दीड वर्ष आम्ही दोघी जावा त्या घरात एका चुलीवर रांधत होतो. ती विधवा, आणि तिच्या नवऱ्याला मारणाऱ्याची मी बायको. गाव आमच्या दारावरून जाताना पावलं हळू करायचं. आमच्यात भांडण लागेल, निदान चूल तरी वेगळी होईल, अशी बऱ्याच जणांना आशा होती. तसं काही झालं नाही. आम्ही बोलतच नव्हतो. ती वाढायची, मी खायची. मी वाढायची, ती खायची. तुळशीपाशी आम्ही दोघीही जात नसू. दिवा पायरीवरूनच दाखवायचो. आणि फडका दोरीवरून कधी, कुणी काढला, ते मी विचारलं नाही.

वैनीची साक्ष आधीच्या तारखेला सरकारतर्फे झाली होती. धमकी खरी का, एवढंच तिला विचारलं. ती म्हणाली, खरी. शेवटी ह्यांना न जुमानता मी हट्ट धरला आणि सामंत वकिलांनी मला साक्षीला घेतलं; त्या तारखेला वैनीचं काही काम नव्हतं. तरी सकाळी ती लुगडं बदलून, दोघींची भाकरी बांधून दारात उभी राहिली.

‘येतंय तुझ्यावांगडा,’ एवढंच म्हणाली.

पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा आरोपीच्या जागेवरून हे मान हलवत होते. नको, नको. मी तिकडे बघायचं सोडून दिलं आणि सामंत वकिलांनी विचारलं तसं सगळं सांगितलं. मग सरकारी वकील उठले. गोड बोलणारे गृहस्थ होते.

‘दीड वर्ष गप्प बसलात?’

‘भ्यालंय.’

‘आणि आज भीती गेली. बरं. तुमच्या माहेरी बंदूक नाही. सासरी येऊन पाच महिने. आणि त्या दिवशी तुम्ही आपण होऊन खुंटीवरची बंदूक उतरवलीत, फडका काढलात, धुतलात. तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं?’

मागच्या बाकावर वैनी बसली होती. मी तिचं नाव घेतलं असतं तर? नवऱ्याला वाचवायला धाकटीने विधवा जावेवर ढकललं, असं झालं असतं. शिवाय ती नाही म्हणाली तर माझं सगळंच खोटं ठरलं असतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या हातची दीड वर्षाची भाकरी माझ्या पोटात होती.

‘कोणी नाय,’ मी म्हटलं.

‘कोणी नाही!’ वकील न्यायाधीशांकडे बघून हसले. ‘नवी सून घरात चमचा हलवायचा तर विचारते. आणि बंदूक न विचारता!’

न्यायाधीशांनी लिहिताना मान वर केली नाही. सामंत वकिलांनी डोळे मिटून घेतले. त्या एका क्षणात मला ह्यांची सगळी उरलेली वर्षं तुरुंगात गेलेली दिसली.

‘खोटा बोलता ती!’

मागे वैनी उभी होती. शिपाई तिला बसवायला धावला.

‘बसूचंय नाय मिया. तिका सांगलेला माणूस मिया आसय. मिया सांगलंय, बंदूक उतरव. मिया सांगलंय, फडको काढ. तिका काय म्हायत? ती बंदराकडली.’

कोर्टात गडबड उडाली. शेवटी न्यायाधीशांनी तिला पुन्हा साक्षीला बोलावलं. मेलेल्याची बायको आरोपीच्या बाजूने बोलते आहे म्हटल्यावर सरकारी वकिलांचा गोडवा उतरला. त्यांनी तिला अर्धा तास उभं-आडवं विचारलं. तिने एकच उत्तर वेगवेगळ्या प्रश्नांना दिलं. मी सांगितलं, तिने काढला, पुरसो तेव्हा देवळात होता. फडका मीच काढला असं पुरसो का म्हणतो, असं विचारल्यावर म्हणाली, ‘बायलेक वाचवूक. दुसरा काय?’

खुनाचा आरोप टिकला नाही. निष्काळजीपणाबद्दल दोन वर्षं झाली, त्यातली दीड आधीच भोगून झाली होती. पण निकाल पुढे लागला. मला सांगायचं आहे ते त्या साक्षीच्या संध्याकाळचं.

एसटीतून उतरून आम्ही मळ्यातून घराकडे चाललो होतो. चैत्र होता. पेरणीआधीची भाजावळ होऊन गेलेली, भाताच्या सगळ्या कुणग्या राखेने काळ्या. दोन्ही बाजूंना माणूस नव्हतं. दीड वर्ष गिळून ठेवलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं.

‘वैनी, ताट आधी पडला.’

ती चालायची थांबली.

‘बार मगे झालो,’ मी म्हटलं. ‘बाराक दचकून ताट पडता. तुमचा आधी पडला.’

‘कोणाक सांगलंस?’

‘कोणाक नाय.’

ती बांधावर बसली. राखेत लुगडं मळेल याचंही भान नव्हतं.

‘पहाटे बंदुकीच्या दारूची डबी मियाच दिललंय तेंच्या हातात,’ ती म्हणाली. ‘भरलेली आसा, म्हायत होता माका. तुका फडको काढ म्हटलंय तेव्हा मनात होता, पुरसो इलो की सांगतलंय. तो आधी वर बार काढून मोकळी करतलो. देवाशपथ सांगतंय गो, मनात तसाच होता.’

‘मगे?’

‘मगे तेंनी माका मारल्यानी.’

तिचा हात आपोआप गालावर गेला.

‘सगळ्यांच्या फुडे. पुरसो समोर होतो, शब्द तोंडात इललो. मिया गिळलंय. म्हटलंय, मरांदे. माणूस म्हणता तसा म्हटलंय गो, मरांदे. मगे ते लोळाक लागले, लोकां हसाक लागली, माझो गाल जळत होतो. पुरसोन टोपी लावली तेव्हा माका शुद्ध इली. हाक मारूक तोंड उघडलंय.’

‘आणि?’

‘हाक नाय इली भायर. ताट तेवढा पडला.’

मला तिचा भयंकर राग आला. दीड वर्ष मी रात्रंदिवस स्वतःला खुनी समजत होते, आणि हिला ठाऊक होतं. माझा नवरा तुरुंगात, आणि ही समोर बसून मला आमटी वाढत होती. ओरडावं, गाव गोळा करावं, असं वाटलं. आणि त्याच वेळी तिच्या गालावरचं ते पीठ डोळ्यांपुढे आलं. ते पुसायला मीसुद्धा पुढे झाले नव्हते.

‘आता काय करतलस?’ तिने विचारलं. ‘वकिलाक सांगतलस? सांग. मिया नाय म्हणूचंय नाय.’

मग मी तिच्या लुगड्याची राख झटकली.

‘चला. चूल पेटवूची आसा.’

हे सुटून आले. मुंबईचं नाव त्यांनी परत काढलं नाही. बंदूक सरकारजमा झाली आणि धुऱ्यांच्या अंगणात पुन्हा कुणी डुक्कर झालं नाही. माझी दोन्ही मुलं वैनीच्या मांडीवर वाढली. माझ्या चुकीने भाऊ गेला, असं हे कधी चुकूनही बोलले नाहीत. मीही ती चूक माझ्याच पदरात ठेवली. दुसरीकडे ठेवली असती तर ह्यांना भावाबरोबर वहिनीही गमवावी लागली असती.

वैनी गेल्या वर्षी गेली. शांतपणे, दुपारच्या झोपेत. तेराव्यानंतर आम्ही दोघं तिची ट्रंक आवरायला बसलो. तीन लुगडी, पोथी, आपांचा एक सदरा. सदऱ्याच्या घडीत पांढरा झालेला एक फडका निघाला. मधोमध गोल काळा डाग.

ह्यांनी तो उचलला आणि दाराच्या उजेडात धरला.

‘ह्यो तिच्या ट्रंकेत कसो इलो?’

‘मियाच दिललंय, ठेव म्हणान,’ मी म्हटलं. ‘मियाच काढललंय मा तो. माझ्यान फेकूक होईना.’

ह्यांनी फडक्याची घडी घातली. आता त्यांची दाढी पांढरी झालीय.

‘गप गो,’ हे म्हणाले. ‘चाप वढलो तेव्हा ताट आधी पडला होता. माझ्या कानांनी आयकललंय.’

फडका त्यांनी माझ्या हातात दिला आणि ट्रंकेचं झाकण लावायला खाली वाकले.